दोन कळांमधली झोप

नदीकाठी आंबेडोह नावाचे शे-दीडशे उंबऱ्यांचे गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला लिंबाजी महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर चार दगडी खांब, वर कौले, आत विठ्ठल-रखुमाई आणि पुढे शेणाने सारवलेले अंगण. ते अंगण महाराज रोज स्वतः झाडत. एखादा परगावचा माणूस झाडणाऱ्यालाच विचारी, की महाराज कुठे भेटतील? तेव्हा महाराज केरसुणी न थांबवता म्हणत, “थोरला आत उभा आहे. आधी त्याला भेटून ये.” आणि तो आत जाऊन आला, की मग पाणी विचारीत.

मठात येणाऱ्या प्रत्येकाला महाराजांनी एकेक नेम दिला होता, आणि तो माणूस पाहून दिला होता. पायाने अधू म्हाताऱ्याला प्रदक्षिणा सांगितल्या नाहीत आणि बडबड्याला मौन सांगितले नाही. ठकूबाईला सांगितले होते ते इतकेच, की गावात असशील तेव्हा पहाटे काकड्याला यायचे आणि दिवसात एक माळ जपायची.

ठकूबाई सुईण होती. पन्नाशीची, विधवा, अंगाने काटक. पंचक्रोशीतली निम्मी पोरे जन्मल्यावर पहिल्यांदा तिच्याच हातावर रडलेली. आता बाळंतपण काही तिथी-वार पाहून येत नाही आणि कोंबडा आरवायची वाट पाहत नाही. कुणाचेही बोलावणे आले की ठकूबाई कनवटीला वेखंडाचा तुकडा आणि एरंडेलाची बाटली लावून निघे. रात्र तिकडे काढून पहाटे परस्पर मठात येई, खांबाला टेकून बसे, आणि काकड्याचा दुसरा अभंग सुरू झाला की तिची मान खाली येई. आरतीच्या घंटेने ती दचकून जागी होई आणि टाळी वाजवू लागे, ती बहुधा चुकीच्या ठेक्यावर. पोरीबाळी तोंडाला पदर लावून हसत. ठकूबाईही हसे, पण आतून तिला लाज वाटे.

ही लाज पुरती जिव्हारी लागली ती रावजीबुवांमुळे. रावजीबुवा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार, मठातल्या भजनी मंडळाचे म्होरके. माणूस नेमाचा पक्का. पण नेमापेक्षा नेमाची प्रौढी त्यांना जास्त आवडू लागली होती. चार वर्षांत आपण दीड प्रहराहून अधिक झोपलो नाही, हे ते ज्याला त्याला सांगत. मान खाली गेली तर हिसका बसावा म्हणून शेंडीला दोरी बांधून ती खुंटीला अडकवत आणि जपाला बसत. जागरणाचे तेज माणसाच्या चेहऱ्यावर येते म्हणतात. बुवांच्या बाबतीत ते डोळ्यांत आणि जिभेवर उतरले होते. घरातली माणसे त्यांच्या आसपास चवड्यांवर चालत, आणि भांडे पडले तर ज्याच्या हातून पडले तो आधी परसात पळे.

एके दिवशी काकड्यानंतर भरल्या अंगणात बुवा म्हणाले, “ठकू, झोप ही भक्तीची सवत आहे. दोघी एका घरात नांदत नाहीत. तुला घोरायचंच असेल तर घरी घोर, देवापुढं कशाला?”

अंगणात हशा पिकला. महाराज त्या वेळी नदीवर गेले होते. ठकूबाई पदर सावरून उठली. घरी आली आणि तिने मनाशी ठरवले, की आजपासून डोळा मिटायचा नाही. दुपारी घडीभर लवंडायची ती सोडून दिली. रात्री अंथरूण घातलेच नाही, भिंतीला उभी राहून माळ ओढू लागली. पेंग आली की तोंडावर गार पाणी, तेही पुरेना तेव्हा जिभेवर मिरचीचे बी. आठ दिवस असे गेले. काकड्याला ती टक्क जागी बसू लागली. देवाकडे तिचे लक्ष होते का, म्हणाल, तर नव्हते. जागे राहण्यातच तिचा सगळा जीव गुंतला होता.

नवव्या दिवशी कुंभारवाड्यात एका बाईचे बाळंतपण होते. मूल सुखरूप झाले. कापलेली नाळ बांधायला ठकूबाईने दोरा हातात घेतला, एक वेढा दिला, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. बाईच्या सासूने खांदा हलवला तेव्हा ती भानावर आली. गाठ अजून बसायची होती आणि रक्त येऊ लागले होते. तिने घाईघाईने गाठ आवळली. लेकराला काही झाले नाही. पण ठकूबाईला घरी जाववेना.

तशीच ती मठात आली आणि महाराजांच्या पुढे बसून तिने सगळे सांगितले. नेम पाळायला जावे तर हातून जीव जाईल, आणि झोपावे तर देव जाईल. मी काय करू, असे म्हणून ती रडू लागली.

महाराजांनी तिला रडू दिले. मग त्यांनी विचारले, “ठकूबाई, कळा सुरू झालेल्या बाईला तू दोन कळांच्या मधे काय करायला सांगतेस?”

हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. तिने डोळे पुसले. “गप पड म्हनते, जी. डोळा लागला तर लागू दे म्हनते. तवा कुनी हाक मारली तर मी त्येलाच भायेर घालवते. त्येवढ्या झोपंवरच म्होरली कळ निभती.”

“आणि एखादी म्हणाली, की मी कळा देतच राहणार, मधे थांबणार नाही?”

“तशी बाई अर्ध्यातच थकती, महाराज. मंग लेकरू बी अडकतं.”

महाराज हसले. “कळ ज्यानं दिली, विसावाही त्यानंच दिला. तू अख्ख्या गावाला हे सांगतेस आणि स्वतःलाच सांगत नाहीस? नाम ही तुझी कळ आहे. झोप हा मधला विसावा. झोप चोरून नाम घेऊ नकोस आणि नाम चुकवून झोपू नकोस. अंगावर पांघरूण घेताना त्याचं नाव घे, उठल्यावर पहिलं तेच घे. मधली झोप त्याच्या हवाली कर. रात्र बाळंतिणीपाशी गेली असेल तर काकड्याला येऊ नको, झोप. तो आज्ञा मोडली म्हणणार नाही. म्हणाला तर माझं नाव सांग.”

ठकूबाई घरी गेली, पांघरूण घेतले, नाव घेतले आणि जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हे अंगणात आल्यावरच उठली. उठल्यावर तोंडातून आपोआप नाव आले. त्या दिवशी तिने माळ हातात घेतली तेव्हा एकेक मणी तिला पहिल्यांदाच बोटाला लागला, असे तिने पुढे कित्येकींना सांगितले.

पुढल्या महिन्यात मठात नामसप्ताह बसला. सप्ताहाची रीत भाविकांना ठाऊकच आहे. सात दिवस, सात रात्री वीणा भुईला टेकवायची नाही. कुणीतरी ती गळ्यात घेऊन देवापुढे उभे राहायचे आणि नाम चालू ठेवायचे. पहारे वाटून दिलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने वीणा घ्यायची, आणि घेताना देणाऱ्याच्या पाया पडायचे, मग देणारा लहान असो की मोठा. पहारे वाटताना महाराजांनी सहाव्या दिवसाचा दुपारचा पहारा ठकूबाईला दिला. हा पहारा सगळ्यांत अवघड. पंगती उठलेल्या असतात, ऊन चढलेले असते, आणि झाडावरची पाखरेसुद्धा पेंगत असतात.

रावजीबुवांना हे मुळीच रुचले नाही. ती दुपारच्याला वीणेसकट खाली येईल आणि सप्ताह मोडेल, असे त्यांनी महाराजांच्या तोंडावर सांगितले. महाराज म्हणाले, मोडणार नाही. तेव्हा बुवांनी ठकूबाईच्या पाठोपाठचा पहारा स्वतःकडे मागून घेतला आणि सगळ्यांदेखत तिला बजावले, “तुझा पूर्ण पहारा मी समोर बसून बघणार. तू आली नाहीस, किंवा एकदा जरी डुलकी घेतलीस, तर मठाची पायरी पुन्हा चढायची नाही. कबूल?”

ठकूबाईने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी मान हलवली, तशी ती म्हणाली, “कबूल, बुवा.”

या मठाखेरीज त्या बाईला दुसरे काही नव्हते. नवरा ऐन तिशीत गेलेला, पोटी मूल नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी पाळणे हलवून आपल्या रिकाम्या घरी यायचे, त्यात तिला आपले म्हणणारे एवढे एकच अंगण होते. तेव्हा तिने ते चार-पाच दिवस जपून काढले. वेळेवर जेवली, वेळेवर निजली, नाव घेऊन निजली आणि नाव घेऊन उठली. पण पाचव्या दिवशी सांजेला वेशीजवळच्या एका घरचे बोलावणे आले आणि सबंध रात्र तिकडेच गेली. सकाळी ती घरी पोचली. दुपारपर्यंत घडीभर झोपून घ्यावे म्हणून चटई उलगडते तोच दारात घामाघूम झालेला एक गडी उभा.

गडी नदीपलीकडच्या बोरवंडचा होता. त्याच्या मालकाची सून पहाटेपासून अडली होती. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, पण कळा सुरू झाल्या होत्या आणि मुलाचे पाय आधी दिसत होते. त्यांच्याकडच्या सुईणीने हात टेकले होते. सून म्हणजे रावजीबुवांची मुलगी मंजुळा. बुवा सप्ताहात आहेत, त्यांना एवढ्यात काही कळवू नका, असे मंजुळेच्या सासऱ्यांनी बजावून पाठवले होते.

ठकूबाईने चटई पुन्हा गुंडाळली. बोरवंडला जायचे म्हणजे नदी ओलांडून कोसभर चालायचे. दुपारपर्यंत परत येणे होणार नाही, हे तिला पायरी उतरतानाच कळून चुकले होते. वाटेत मठ लागला. महाराज तुळशीला पाणी घालत होते. गड्याला पुढे जायला सांगून ती महाराजांपाशी गेली आणि तिने हळू आवाजात सगळे सांगितले. आपल्या पहाऱ्याचे काय, हे तिला विचारवेना. महाराजच म्हणाले, “जा. वीणा उभी राहील.”

“कुनाच्या गळ्यात, महाराज?”

“ज्याची आहे त्याच्या. तू त्याची काळजी करू नको. आणि एक ऐक. काम झालं, की तिथंच झोपायचं. धावतपळत इकडं यायचं नाही. ही माझी आज्ञा समज.”

ठकूबाई पाण्यातून पलीकडे गेली. खोलीत शिरली तेव्हा मंजुळेच्या ओठांना रंग राहिला नव्हता. मंजुळेची आई, म्हणजे बुवांची बायको, दोन दिवसांपूर्वीच लेकीकडे आली होती. ती उशाशी बसून नुसती रडत होती. ठकूबाईने तिच्या हाती गरम पाण्याचे काम दिले, खोलीतल्या जास्तीच्या बायका बाहेर काढल्या आणि हाताला एरंडेल चोळून बसली. प्रहरभर झगडा चालला. पाय आले, कंबर आली, आणि ऊन ऐन माथ्यावर असताना हात वर अडकले. त्याच वेळी ठकूबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दीड दिवस तिच्या पाठीला भुई लागली नव्हती. बोटे थरथरू लागली. आपल्या हातून हे होत नाही, हे तिला कळले, आणि नाळेचा तो दिवस आठवून ती भ्याली.

तेवढ्यात कळ ओसरली. मंजुळेचे डोळे मिटले. सवयीने ठकूबाई पुटपुटली, “गप पड, माझे बाय. डोळा लागला तर लागू दे.” आणि तिच्या मनात आले, की हे मला कुणी सांगायचे? तिने विठ्ठलाचे नाव घेतले, कपाळ खाटेच्या कडेला टेकले आणि डोळे मिटले. बुवांची बायको पुढे सांगे, की पाच श्वास होतील एवढाच वेळ तिचे डोके खाली होते. ठकूबाईला मात्र सबंध रात्र गाढ झोपून उठल्यासारखे वाटले. डोके वर उचलले तेव्हा अंगातला शीण धुऊन निघाला होता आणि बोटे तरण्या बाईची असावीत तशी स्थिर होती.

पुढली कळ आली. ठकूबाईने एकेक करून दोन्ही हात सोडवले, मान सांभाळली, आणि मुलगी बाहेर आली. पायाळू मुलगी! ती आधी निळी होती. पाठीवर चापट्या बसल्यावर ती रडली, आणि ते ऐकून तिची आई हसली. बुवांची बायको मात्र हमसून हमसून रडू लागली. किती दिवसांचे साठलेले होते कोण जाणे.

सगळे निस्तरून ठकूबाई ओसरीवर आली. सावल्या अजून पायाशीच होत्या. तिचा पहारा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. आत्ता धावत सुटले, तर निदान शेवटी तरी पोचता येईल, पाया पडता येईल, दयेची भीक मागता येईल. ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. मग महाराजांचे शब्द तिला आठवले. धावण्यापेक्षा थांबणे तिला जड गेले. पण ती परत फिरली, ओसरीलगतच्या कोठीत घोंगडीवर आडवी झाली, विठ्ठला, आता तुझे अंगण गेले तरी तुझे नाव राहू दे, एवढे म्हणाली आणि झोपली. संध्याकाळ झाली, रात्र झाली, काकड्याची वेळही टळून गेली, पण तिला कुणी उठवले नाही.

जाग आली तेव्हा कोठीच्या दारातून ऊन आत आले होते. ओठांवर नाव आले, आणि लगोलग सगळे आठवले. तिने दाराकडे पाहिले. उंबऱ्यात रावजीबुवा बसले होते. आपल्याला मठातून काढल्याचे सांगायला हे इतक्या लांब आले, असे तिला वाटले. ती सावरून उठून बसली तरी बुवा हलले नाहीत. मग तिच्या ध्यानात आले, की त्यांची हनुवटी छातीला टेकली आहे आणि ते घोरत आहेत. चार वर्षांची थकलेली झोप ती, तिचा आवाज परसापर्यंत जात असावा. ठकूबाईने काय करावे? आतून मुलीच्या रडण्याचा आवाज आला तशी ती त्यांना ओलांडून न जाता कोठीतूनच ओरडली, “कुनी तरी त्या लेकराला घ्या गं, बुवांची झोप मोडंल.”

बुवांची झोप त्या ओरडण्यानेच मोडली. तिला बसलेली पाहताच ते हात जोडून उभे राहिले. ते म्हणाले, “ठकूबाई, काल दुपारी तू कुठं होतीस?”

“हितंच हुते, बुवा. माफी करा. पहारा माझ्याच्यानं झाला न्हाई.”

“झाला,” बुवा म्हणाले. “मी समोर बसलो होतो. सूर्य माथ्यावर आला आणि तू आलीस. वीणा घेतलीस. ऊन कलेपर्यंत उभी होतीस. मी टक लावून बघत होतो, डुलकी दिसावी म्हणून. तुझी पापणी लवली नाही. महाराज तेवढा वेळ तुझ्यापुढं हात जोडून उभे होते. मला वाटलं, महाराजही अतीच करतात. मग माझा पहारा आला. तू वीणा पुढं केलीस, तर दांडीला एरंडेलाची बोटं लागलेली. वेखंडाचा वास येत होता. बाळंतघरचे हात घेऊन देवापुढं आली, म्हणून मला राग आला. मी पाया पडलो नाही. नुसती वीणा ओढून घेतली.”

संध्याकाळी पहारा उतरल्यावर त्यांना बोरवंडचा निरोप मिळाला होता, की नात झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि ठकूबाई सकाळपासून आमच्याकडेच आहे. बुवांनी निरोप्याला खोटे ठरवले. मग दिवेलागणीला स्वतः नदी ओलांडून आले. बायकोने, लेकीने, विहिणीने एकच सांगितले. कोठीत डोकावले तर ठकूबाई घोंगडीवर निजलेली. दुपारी वीणा घेऊन कोण उभे होते, ते बुवांना तिथे कळले. झोपलेल्या माणसाला नमस्कार करायची आपल्याकडे रीत नाही. उठेल तेव्हा करू म्हणून ते उंबऱ्यात बसले, रात्रभर कुणालाही तिच्या वाऱ्याला उभे राहू दिले नाही, आणि पहाटे कधीतरी त्यांचाही डोळा लागला.

हे सांगून बुवा वाकू लागले, तशी ठकूबाई मागे सरकली. तिला दुसऱ्याच गोष्टीने गलबलून आले होते. आपण इथे पाय पसरून झोपलो आणि तो तिथे उन्हाच्या वेळी आपल्यासाठी ताटकळत उभा राहिला! एरंडेलाचे हातसुद्धा त्याने अंगावर घेतले. ती तशीच चालू लागली. मागून बुवा, दोघेही नदी ओलांडून मठात आले. सप्ताहाच्या सातव्या दिवसाची माणसे अंगणात जमली होती. ठकूबाईने महाराजांचे पाय धरले आणि विचारले, देवाला माझ्यापायी शीण झाला, हे मी कसे फेडू?

महाराज म्हणाले, “फेडायचं काय त्यात? तू त्याच्या लेकराला हात दिलास, त्यानं तुझी वीणा धरली. हा शेजारधर्म आहे, ठकूबाई. आयुष्यभर शेजारी राहिलात, एवढं चालायचंच.” आणि मग बुवांकडे वळून विचारले, “काय बुवा, झोप झाली का?”

“झाली, महाराज,” बुवा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि मी त्याच्या पाया पडलो नाही. आता तो कुठं सापडायचा?”

महाराजांनी ठकूबाईकडे बोट दाखवले. “जिचं रूप त्यानं घेतलं, तिच्यापाशी तुझा नमस्कार ठेवून गेलाय. तू घे बरं, ठकूबाई. मागं सरू नको. हा त्याचा आहे, तुझा नाही.”

तेव्हा ज्या अंगणात हशा पिकला होता त्या अंगणात, सगळ्या गावादेखत, रावजीबुवांनी सुईणीच्या पायांवर डोके ठेवले. ते बराच वेळ उठले नाहीत. ठकूबाईने त्यांच्या मस्तकावर हात ठेवला, अडलेल्या बाईच्या कपाळावरून फिरवी तसा फिरवला.

“उठा, बुवा,” ती म्हणाली. “आन आज दुपारच्याला घरी जाऊन घडीभर निजा. नाव घेऊन निजा, मंजे झालं.”

बुवा त्या दुपारी निजले. त्यांच्या घरात एक भांडेही पडले, पण कुणी पळाले नाही.